मफ्तुनाच्या खिडकीचं माप

आणखी एकेचाळीस पहाटा, असं मनाशी म्हणत सानोबारनं फाटकाची कडी काढली आणि खराटा घेऊन ती गल्लीत आली.

नोदिरच्या लग्नाची तारीख ठरल्यापासून ती दिवस मोजत होती. मुलाची आई म्हटल्यावर दागिने, आहेर, पाहुणे यांच्या काळजीनं मोजत असेल, असं घरातल्यांना वाटे, आणि सानोबार त्यांना तसं वाटू देई. खरं म्हणजे तिला झोप हवी होती. बाकी काही नको होतं.

मर्गिलान शहरातल्या त्या मोहल्ल्यात घरातली सगळ्यात नवी सून सूर्य वर यायच्या आत उठते, अंगण झाडते, मग गल्लीत पाणी शिंपून आपल्या भिंतीच्या टोकापर्यंतचा रस्ता झाडते. उजाडल्यावरही ज्या घरासमोर पाचोळा दिसला, त्या घरच्या सुनेचं नाव दुपारपर्यंत नान भाजणाऱ्याच्या तंदुरापर्यंत पोचलेलं असतं. तिचा नवरा सोबित एकुलता एक मुलगा. त्यामुळे लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सानोबारच्या हातात आलेला खराटा पुढे ढकलायला धाकटी जाऊ कधी आलीच नाही. सत्तावीस वर्षं तिनंच झाडलं. तापात झाडलं, नोदिरच्या वेळी नववा महिना लागल्यावर झाडलं, आणि ज्या हिवाळ्यात पाठ धरली होती त्या हिवाळ्यात एका हातानं झाडलं.

आता मफ्तुना येणार होती. कोकंद शहरातली पोर, प्रसूतिगृहात नर्स, हसताना डोळे बारीक करणारी. सानोबारला ती पहिल्या भेटीतच आवडली होती आणि त्यात लबाडी काही नव्हती. पण अंथरुणाच्या पायथ्याशी ऊन आलंय, आपण कुशीवर पडून आहोत आणि बाहेरून दुसऱ्या कुणाच्या तरी खराट्याचा आवाज येतोय, हे चित्र ती रोज गल्ली झाडताना रंगवायची. त्यातला तो आवाज तिला सगळ्यात जास्त आवडायचा. हक्काचं होतं ते. रांगेत उभं राहून तिचा नंबर लागला होता.

आज कोकंदचे लोक खिडकीचं माप घ्यायला येणार होते. नव्या जोडप्याची खोली मुलाकडच्यांनी बांधायची, आणि तिच्या आतलं सगळं, गालिचे, कपाटं, गाद्या, पडदे, हे मुलीकडच्यांनी आणायचं, असा शिरस्ता. सोबितनं दोन वर्षं खपून द्राक्षाच्या मांडवाच्या पलीकडे खोली उभी केली होती. तिची खिडकी एवढी मोठी ठेवली होती, की त्यातून अंगणातला हौद दिसे, मांडव दिसे आणि बरोब्बर समोर त्याच्या आईची, तुर्सुनोयची, खिडकी दिसे. या नव्या खिडकीला लग्नाआधी मुलाकडच्यांनी साधं फडकंही बांधायचं नसतं. बांधलं तर त्याचा अर्थ एकच होतो: तुमची ऐपत आम्हाला कळली, आमचं आम्ही बघून घेतो. एवढ्यावरून फिसकटलेली दोन लग्नं तरी सोबितच्या बहिणीला, इनोयतला, तोंडपाठ होती.

म्हणूनच नऊ वाजता काचा पुसायला सानोबार नव्या खोलीत शिरली आणि तिचे पाय दारातच थबकले. खिडकीला पडदा होता. पांढरा, जाळीसारखा विरळ, काठाला बारीक फुलं काढलेला. तुर्सुनोयच्या पेटीतला होता, तिनं लगेच ओळखला.

म्हातारी बाहेर मांडवाखाली तख्तपोसाच्या लाकडी बैठकीवर बसून जर्दाळूच्या बिया फोडत होती. एकोणऐंशी वर्षांची होती, पण कान आणि हातोडी दोन्ही अजून शाबूत होते.

"आई, हा पडदा कुणी लावला?"

"मी."

"तुम्ही स्टुलावर चढलात?"

"मी कशाला चढू? नोदिरला चढवलं. काल संध्याकाळी." तिनं आणखी एक बी फोडली. "त्यांना दाखवायला लावलाय. कापड असं हवं म्हणून. कोकंदवाले हल्ली जाड पडदे लावतात म्हणे, दिवसाची रात्र करणारे. मग सुनेच्या खोलीत दिवा लागला का नाही, ते मला इथून कसं कळायचं?"

सानोबारला हे सगळं आतून ठाऊक होतं. तिच्या स्वतःच्या खिडकीला सत्तावीस वर्षं असाच विरळ पडदा होता. पाचच्या आत दिवा लागला नाही, तर अंगणातून तुर्सुनोयचा खोकला ऐकू यायचा. तो खोकला सर्दीचा नसायचा. बोलणं नाही, शिव्या नाहीत, नुसता एक खोकला, आणि सानोबार चपला शोधत दाराकडे धावायची.

पडदा काढायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती. स्टूल तिथंच होतं, पाहुणे यायला अजून तास होता. सानोबारनं स्टुलाला हात घातला आणि तिच्या डोक्यात आलं, की विरळ पडदा असेल तर दिवा दिसेल, दिवा दिसायला हवा असेल तर पोरगी उठेल, आणि पोरगी उठली तर आपण झोपू.  तिनं स्टूल उचलून भिंतीशी नेऊन ठेवलं, काचा पुसल्या, आणि आता वेळ कुठाय असं स्वतःलाच सांगून ती तंदुरात समोसे भाजायला गेली.

दहाच्या सुमारास इनोयत आली. ही सोबितची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची आणि या घरातल्या कुठल्याही गोष्टीचा निकाल आपल्याशिवाय लागू नये यासाठी सदैव दक्ष असायची. कोकंदच्या पडद्यांची वर्णनं तिनं न बघताच शेजारणींना करून ठेवली होती. पांढरा पडदा बघून तिनं कपाळावर हात मारला. आईला अक्कल नाही, वहिनीला डोळे नाहीत, आणि आता अब्रू कुणाची जाणार तर सोबितची, असं म्हणत ती स्वतःच स्टुलाकडे निघाली. तेवढ्यात फाटकाबाहेर गाडी थांबली आणि इनोयत स्टूल सोडून, चेहऱ्यावर हसू आणून, स्वागताला पळाली.

पाहुण्या दोघीच होत्या. मफ्तुनाची आई मामूरा शाळेत भूमिती शिकवायची. उंच, सडपातळ, चष्म्यातून माणसाचा कोन मोजल्यासारखी बघणारी. तिच्याबरोबर तिची मावसबहीण गुलचेहरा. हिचा कोकंदला पडदे शिवायचा कारखाना होता. गळ्यात मोजपट्टी आणि काखेत नमुन्याची तीन जाडजूड पुस्तकं घेऊन ती उतरली, आणि गळाभेट होण्याआधीच तिची नजर खिडक्यांवरून फिरून आली.

गळाभेटी झाल्या, छातीवर हात ठेवून दहा दहा वेळा खुशाली विचारून झाली, तख्तपोसावर जेवणाचा दस्तरखान पसरला, नान मोडला, हिरवा चहा ओतला. गुडघे, रस्ते, या वर्षीची द्राक्षं, सगळ्यांची विचारपूस झाली. मागच्या अंगणात सोबित पुलावाच्या कढईशी उभा होता. मांस आणि गाजरं शिजून तयार होती, आणि एकदा तांदूळ पडले की पुलाव कुणासाठी थांबत नसतो. म्हणून दर थोड्या वेळानं तो कोपऱ्यावरून डोकं काढायचा आणि विचारायचा, "तांदूळ टाकू का?"

"आधी माप होऊ दे," सानोबार म्हणाली.

मग सगळ्या जणी नवी खोली बघायला गेल्या. मामूरा उंबरठ्यातच थांबली. तिनं छत बघितलं, जमीन बघितली, मग खिडकी बघितली. पुढे जाऊन तिनं पडद्याचा काठ दोन बोटांत धरला.

"छान आहे," ती म्हणाली. आणि वळून बाहेर निघाली.

दस्तरखानाशी परत बसल्यावर सानोबारनं चहा ओतायला किटली वाकवली, तशी मामूरानं प्याल्यावर तळवा ठेवला. खिडकी तर सजलेलीच आहे, मग आमचं इथं काय काम, एवढंच ती म्हणाली, पण आवाज असा की किटली गार पडावी. इनोयतनं घाईघाईनं सावरलं: तो जुना पडदा हो, बांधकामाची धूळ आत येऊ नये म्हणून लावलेला. तुर्सुनोयला मोठ्या वयात खोटं बोलायचा कंटाळा आला होता. धूळ कसली, ती म्हणाली, नमुना म्हणून लावलाय, कापड असं आणा. इनोयतनं आईच्या गुडघ्याला चिमटा काढला. म्हातारीनं तो हात झटकला.

गुलचेहरा धंद्यातली बाई. भांडणं तिनं पुष्कळ बघितली होती आणि भांडणावर कापड पसरलं की ती दबतात हे तिला माहीत होतं. तिनं पहिलं पुस्तक उघडलं. आत जाळीचा पडदा, त्यावर जाड कापडाचा रात्रीचा पडदा, आणि सगळ्यात वर चुण्यांची झालर. डाळिंबी, मोरपंखी, मधाच्या रंगाचा. पानं उलटता उलटता इनोयतचे डोळे मोठे होत गेले. डाळिंबीच, ती म्हणाली, दुसरा विचारच नको, पाच चुण्यांची झालर आणि दोन्हीकडे सोनेरी गोंडे. कोकंदवाल्यांची बाजू घ्यायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. आईनं बोहारणीलाही न चालणारा पडदा टांगलाय, तो मी स्वतः उतरवते, असंही तिनं जाहीर करून टाकलं.

तुर्सुनोयनं जाड कापडाचा तुकडा डोळ्यांसमोर धरला आणि त्यातून सूर्याकडे बघितलं.

"दुपारी हा ओढला तर?"

गुलचेहराचा तो अभिमानाचा विषय होता. "आजी, भर दुपारी ओढा. स्वतःचा हात समोर धरलात तरी दिसणार नाही."

"मग सून उठणार कधी?"

 इनोयतचं बोट डाळिंबी कापडावर तसंच राहिलं. ती स्वतः चार जावांच्या घरात सगळ्यात धाकटी म्हणून पडली होती, आणि चार वाजता उठून झाडलेली गल्ली तिच्या कंबरेत अजून बसली होती. तिनं कापडावरचं बोट हळूच मागे घेतलं.

"हो, खरंच," ती म्हणाली. "उठणार कधी?" आणि बघता बघता ती आईच्या शेजारी सरकून बसली. हल्लीच्या मुली, मोबाइल, रात्रीची जागरणं, सकाळी दहाला चहा, हे सगळं तिनं एका दमात मांडलं.  दोघी सानोबारचंच काम करत होत्या. तिनं खाली मान घालून द्राक्षांचे घड नीट लावले आणि मनातल्या मनात इनोयतला पहिल्यांदाच दुवा दिला.

मामूरानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"गुलचेहरा, पुस्तकं मीट."

कोपऱ्यावरून सोबितचं डोकं आलं. "तांदूळ टाकू का?"

"थांबा," सानोबार म्हणाली, आणि हातातले घड तिथंच टाकून उठली. पाहुणे पुलाव न खाता फाटकाबाहेर पडले, तर संध्याकाळपर्यंत मोहल्ला लग्न मोडलं म्हणणार आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच मोडणार, एवढं कळायला भूमिती लागत नव्हती. "विहीणबाई, जायचं तर जा. पण खोलीत दिव्याचं बटण कुठं हवं ते सांगून जा. वायरवाला उद्या येतोय." वायरवाला मे महिन्यातच येऊन गेला होता.

मामूरा सौजन्याच्या सवयीनं उठली. नव्या खोलीत दोघीच उरल्यावर सानोबारनं दार लोटलं. सुरुवात मामूरानंच केली.

"सानोबार आपा, मी वाद घालायला आले नाही. मला तुमचं घर आवडतं. पण मफ्तुनाला महिन्यातून दहा-अकरा रात्री ड्यूटी असते. इथं बदली झाली तरी असणारच, बाळं काही दिवसा जन्मत नाहीत फक्त. सकाळी आठला घरी येईल तेव्हा तिचे पाय सुजलेले असतात, मी बघते ना. त्या खिडकीतून सगळं ऊन आत येणार. म्हणून जाड कापड. दिखाव्यासाठी नाही."

सानोबारनं मान हलवली. मफ्तुना नर्स आहे हे तिला ठाऊकच होतं. पांढऱ्या कोटातला तिचा फोटो तिनं सगळ्या शेजारणींना दाखवला होता. पण त्या फोटोला रात्रीही असतात, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. मोहल्ल्यातल्या कुठल्याच सुनेला आजवर रात्रीची ड्यूटी नव्हती.

"आणि हे मी नोदिरशी आधीच बोलले होते," मामूरा पुढे म्हणाली. "साखर वाटायला आला तेव्हाच. म्हटलं, बाबा, मर्गिलानला पहाटे झाडायची रीत फार कडक असते, माझी मुलगी रात्रभर उभी राहून परत खराटा धरणार का? तो म्हणाला, मावशी, काळजीच करू नका. आमच्याकडे आईच झाडते. तिला आवडतं."

"काय म्हणाला?"

"तुम्हाला आवडतं म्हणाला. म्हणाला, लहानपणापासून बघतोय, आई सगळ्यांच्या आधी उठून बाहेर जाते, तिला पहाटेची हवा लागते. तिचा खराटा कुणी घेतला तर ती रागावेल."

सानोबारला आधी हसू आलं. मग ते मध्येच अडकलं आणि ती नव्या फरशीवर तशीच खाली बसली. तिला पोराचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण तो खोटं बोलला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. सत्तावीस वर्षांत तिनं एकदाही कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला नाही, आईला नाही, मुलाला तर नाहीच. न सांगितलेलं त्यानं कसं ओळखायचं होतं?

"आवडत नाही का?" मामूरानं हळूच विचारलं.

"एक दिवससुद्धा नाही," सानोबार म्हणाली. "एक दिवससुद्धा आवडलं नाही मला. मी मफ्तुनाची वाट बघत होते. सून म्हणून नंतर, आधी त्या खराट्यासाठी. आणि हा पडदा मी लावला नाही, पण सकाळी मला तो काढता आला असता. मुद्दाम काढला नाही. आता काय म्हणायचं ते म्हणा."

 मामूरा भिंतीला टेकून तिच्याशेजारी खाली बसली, रेशमी झग्याची पर्वा न करता. तिनंही कोकंदला अकरा वर्षं सासरची गल्ली झाडली होती. मग नवऱ्याच्या मागे लागून, रडून, अबोला धरून, चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लोकांना सांगितलं की शाळा जवळ पडते.

"फ्लॅटला गल्ली नसते," ती म्हणाली.

"नसते ना?"

"जिना असतो. तो आठवड्यातून एकदा, पाळीपाळीनं."

दोघी कितीतरी वेळ हसत होत्या. बाहेर इनोयतला ते ऐकू आलं आणि ती दाराशी येऊन कान देऊन उभी राहिली, हे आतून दाराखाली दिसणाऱ्या तिच्या चपलांवरून कळत होतं. सानोबारनं डोळे पुसले, स्टूल ओढलं, वर चढून पांढरा पडदा काढला आणि घडी घालून विहिणीच्या हातात दिला. मग स्टुलावर उभ्या उभ्याच तिनं विचारलं, की त्या जाड कापडाचे आणखी एका खिडकीपुरते पडदे गुलचेहराकडून शिवून मिळतील का.

"कुठल्या खिडकीपुरते?"

"माझ्या."

दस्तरखानाशी परत आल्यावर हे तिला सगळ्यांसमोर बोलायचं होतं. मामूरानं स्वतःहून प्याला पुढे केला. सानोबारनं चहा ओतला आणि ओतता ओतताच, किटलीकडे बघत सांगून टाकलं: मफ्तुनाच्या खिडकीला तिच्या आईला हवं ते कापड लागेल, त्यात आपण बोलायचं नाही. आणि तसंच कापड माझ्याही खिडकीला लागेल.

इनोयत म्हणाली की वहिनीला ऊन लागलंय. मग म्हणाली की सोबितला बोलवा. मग म्हणाली की तिच्या सासरी कुणी असं बोललं असतं तर त्याच दिवशी माहेरी पोचवलं असतं. तुर्सुनोयनं हातोडी खाली ठेवली.

"तुझ्या खिडकीला," ती म्हणाली. "मग तू उठलीस का नाही, हे मला कसं कळेल?"

"आई, मी उठणार नाही."

सानोबारला वाटलं, आता खोकला येईल.  पण म्हातारी नुसती बघत राहिली, आधी तिच्याकडे, मग अंगणापलीकडच्या स्वतःच्या खिडकीकडे.

"तू पाचला उठायचीस," तुर्सुनोय म्हणाली. "मी साडेचारला. तुझा दिवा लागेपर्यंत काचेला तोंड लावून बसायचे. हिवाळ्यात काचेवर बर्फ धरायचं, ते नखानं खरवडून बघायचे. त्याआधी माझी सासू माझ्यासाठी बसायची. मला वाटलं होतं, सून आली की झोपेन."

"मग झोपला का नाहीत?"

"बघायला कोण होतं मग?"

सानोबारनं किटली खाली ठेवली. मोजलेल्या सगळ्या पहाटा तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या. मफ्तुना झाडायला उठली असती, आणि ती उठली का नाही हे बघायला कुणाला तरी तिच्याही आधी उठावं लागलं असतं. ते कुणी? म्हातारी किती दिवस पुरणार? अंथरुणाच्या पायथ्याशी आलेलं ऊन, बाहेरून येणारा खराट्याचा आवाज, सगळं खोटं होतं. आणखी वीस वर्षं सानोबारच खिडकीत बसली असती, काच खरवडत. तिला म्हातारीची इतकी दया आली की ती उठून तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिच्या खडबडीत हातावर हात ठेवला. असं तिनं या घरात आल्यापासून केलं नव्हतं. तुर्सुनोयनं हात काढून घेतला नाही.

"ए कोकंदची," म्हातारी थोड्या वेळानं गुलचेहराला म्हणाली, "माझीही खिडकी मोज. डाळिंबी नको मात्र. त्यात झोप येत नाही."

गुलचेहरा मोजपट्टी गळ्यातून काढत उठलीच. एक खिडकी मोजायला आलेली, तीन मिळाल्या होत्या. मामूरा तिच्याबरोबर निघाली, रुंदीचे आकडे मामूरानं लक्षात ठेवायचे आणि उंची गुलचेहरानं पट्टीवर मोजायची, अशी दोघींची वाटणी झाली. मागून सोबितचं डोकं आलं, आणि या वेळी सानोबारनं तो विचारायच्या आतच सांगितलं, टाका तांदूळ. तो बिचारा इतका सुखावला की काय ठरलं हे विचारायचंही विसरला.

दस्तरखानाशी इनोयत एकटी उरली. आपली बाजू कुठली हे तिला समजेना, कारण बाजू घ्यायला कुणी उरलंच नव्हतं. आई खिडकीशी उभी राहून मधाचा रंग का मोरपंखी, असं विचारत होती. वहिनी मान वाकडी करून जाड कापड गालाला लावून बघत होती. शेवटी इनोयतला राहवेना.

"ठीक आहे," तिनं अंगणाच्या मधोमध येऊन विचारलं, "सगळ्यांनी झोपा. पण गल्ली कोण झाडणार? लग्न एकेचाळीस दिवसांवर आलंय, सगळा मोहल्ला बघणार. पहाटे कोण झाडणार, ते तर सांगा."

प्रश्न खरा होता.  गुलचेहरासुद्धा पट्टी धरून थांबली.

तेवढ्यात फाटक वाजलं. नोदिर बाजारातून आला होता, दोन्ही काखांत एकेक लांबट पिवळं खरबूज, घामाघूम आणि खुशीत. होणारी सासू हसतेय हे बघून त्याला हायसं वाटलं. मग आजीही आपल्याकडे बघतेय, आत्याही बघतेय, पडदेवाल्या मावशीही पट्टी घेऊन बघतायत, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं आपली पँट कुठं फाटलीय का ते मान वळवून पाहिलं.

"काय झालं?" तो म्हणाला. "खोली आवडली नाही का?"

सानोबार त्याच्याजवळ गेली. सव्वीस वर्षांचा मुलगा, रुंद खांदे, मजबूत मनगटं. पाण्याची बादली त्याला एका हातानं उचलता येईल, असं तिच्या मनात आलं. तिनं त्याच्या काखेतली दोन्ही खरबुजं काढून घेतली आणि हौदाच्या कठड्यावर ठेवली.

"उद्या पहाटे तुला लवकर उठायचंय," ती म्हणाली. "घाबरू नकोस, पहिला दिवस मी उठवीन. मला सवय आहे. मग मी जाऊन झोपेन."